सहा-सातची जोडी परत आली

"मॅडम, काम परत आलं की मलाच परत पाठवल्यासारखं वाटतं."

समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने "काम परत..." म्हटलं की पुढचं मला कळतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारागिराने ते सांगितलं होतं. कॉलरसाठी त्याचा अख्खा गठ्ठा माघारी आला होता. शोधनिबंध नाकारला गेलेल्या प्राध्यापकांनी सांगितलं. सासऱ्यांनी भाकरी बाजूला सारली म्हणून नव्या सुनेने सांगितलं. अलीकडे हे सांगणाऱ्यांत घरून काम करणारी तरुण मुलं वाढली आहेत. डिझाईन करणारी, अनुवाद करणारी, व्हिडिओ जोडणारी. ऑफिसात निदान शेजारच्या टेबलावरून कुणीतरी "सोड रे, साहेबांचं असंच असतं" म्हणतं. या मुलांना रात्री साडेअकराला फोनवर निरोप येतो आणि तो एकट्यानेच वाचायचा असतो.

म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असं काही राहू नये म्हणून थोडे तपशीलही बदललेत.

वय एकोणतीस. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. पुढच्या खोलीत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, मागच्या खोलीत खिडकीला लागून हिचं टेबल. नळाला पाणी यायच्या दिवशी चित्र अर्धं टाकून पिंपं भरायला हिनेच उठायचं, कारण "तू घरीच असतेस." हेही दुखणं होतंच, पण ते घेऊन ती माझ्याकडे आली नव्हती.

ती आली ती गड्ड्याच्या जत्रेनंतर, जानेवारीच्या शेवटी. बाहेरगावच्या एका प्रकाशनासाठी सिद्धेश्वर यात्रेवरचं चोवीस पानी पुस्तक तिच्याकडे होतं. सहा आणि सात ही समोरासमोरची पानं मिळून एक मोठं चित्र: बाराबंदी घातलेले मानकरी, गर्दी, आणि सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेत मिरवायच्या उंच काठ्या. हीच जोडी परत आली होती. निरोप तिने मला वाचून दाखवला. "काठ्या फार उंच वाटतात, पानात बसत नाहीत. छोट्या करून माणसं मोठी घ्यावीत." एवढाच. तिने तीन रात्री जागून चित्र चार वेळा बदललं होतं आणि एकदाही पाठवलं नव्हतं.

"मला चित्र काढता येत नाही मॅडम," ती म्हणाली.

"असं लिहिलंय त्यांनी?"

"लिहिलं नाहीये. पण अर्थ तोच."

"काठ्या खरंच इतक्या उंच असतात?"

"असतातच की! लहानपणी बघताना माझी टोपी मागे पडायची."

"मग चित्र चुकलंय?"

"चित्र बरोबर आहे," ती म्हणाली. "मीच चुकले."

ती दोन वाक्यं मी वहीत एकाखाली एक लिहून घेतली. चित्र बरोबर आणि चित्र काढणारी चूक! गाठ तिथेच होती. पण ती मला दिसून उपयोग नव्हता, तिला दिसायला हवी होती.

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडायला सुरुवात केली. तिच्यातली एक गोष्ट मी बावीस वर्षं घट्ट धरून आहे: कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. भाकरी करपू शकते, निबंध कच्चा असू शकतो, चित्र फसू शकतं. त्यावरून अख्ख्या माणसाची किंमत लावायला कुठलाच तराजू नाही. पुढच्या तीन भेटींत मी तिला हेच निरनिराळ्या वाटांनी सांगत होते. तिला पटायचं, मान डोलवायची, आणि घरी जाऊन पुन्हा रात्र जागवायची. डोक्याला पटणं आणि पोटात उतरणं यांत बरंच अंतर असतं. ते घाईने कापता येत नाही.

पाचव्या भेटीला ती अर्धा तास उशिरा आली. "सॉरी मॅडम. आईला कारखान्यात उशीर झाला. आज छाट फार निघाली."

विडी कामगारांच्या घरात हा शब्द रोजचा. घरी वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेलं की तिथे तपासणी होते आणि नापास विड्या बाजूला काढतात. ती छाट. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली, म्हणजे छाट निघाली की तेवढे कष्ट पाण्यात.

"मग आई काय म्हणाली?" मी सहज विचारलं.

"भांडली की! म्हणाली, तेंदूपत्ता सडका देता तुम्ही, विडी कशी बसणार?"

"आणि घरी आल्यावर?"

"घरी येऊन चहा केला. मग सूप घेतलं मांडीवर. उद्याचं काम असतं ना."

"मला विडी वळता येत नाही, असं म्हणाली का?"

ती हसली. "ती? तीस वर्षं वळतेय मॅडम."

आणि मग गप्प झाली. अशा वेळी बोलायचं नसतं, हे मला या कामाने शिकवलंय. पंखा फिरत होता. खाली सात रस्त्याच्या दिशेने रिक्षांचे हॉर्न चालू होते. ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून पडलेला घट्टा आहे. आईच्या बोटांनाही घट्टे आहेत, हे तिने मला आधीच सांगितलं होतं.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "आई 'विडी छाट झाली' म्हणते. 'मी छाट झाले' असं कधीच म्हणत नाही."

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. तीन भेटी मी जे सांगू पाहत होते ते तिच्या पुढच्या खोलीत रोज घडत होतं, आणि तिच्या आईने ते एकाही पुस्तकाशिवाय साधलं होतं.

त्या दिवसापासून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या वाक्यातला कर्ता बघते. "मी नापास झालो", "मला नाकारलं", "मी कमी पडले". या सगळ्यांत कर्म करणारा आणि केलेलं काम एकमेकांत मिसळलेले असतात. मी वाक्य पुन्हा बोलायला लावते. "गठ्ठा परत आला, कॉलरचं माप चुकलं." "निबंध परत आला, माहिती अपुरी होती." आधी हे जिभेला परकं वाटतं. हळूहळू सवय होते, आणि सवयीबरोबर छातीवरचं ओझं उतरतं. तिच्यासाठी वाक्य ठरलं, "सहा-सातची जोडी परत आली."

इथे एक गैरसमज होऊ शकतो. छाट काढणं नेहमी न्यायाचं असतं असं मी अजिबात म्हणत नाही. कष्टकरी बाईचे पैसे जातात. तिची आई भांडली ते योग्यच केलं. मला मोलाचं वाटतं ते हे, की आईचा राग योग्य पत्त्यावर गेला. लेकीचा राग मात्र दर वेळी स्वतःच्याच घरी पोचत होता.

पुढचं काम सोपं होतं. मी तिला सांगितलं, दुरुस्तीचा निरोप आला की त्या रात्री पेन हातात घ्यायचं नाही. कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे निरोपातले शब्द जसेच्या तसे उतरवायचे, उजवीकडे आपण काय ऐकलं ते. डावीकडे आलं, "काठ्या पानात बसत नाहीत." उजवीकडे आलं, "तू अडाणी आहेस, पुन्हा काम मिळणार नाही." सकाळी उजवी बाजू झाकून फक्त डावी वाचायची, उत्तर तिलाच द्यायचं.

सकाळी तिने डावी बाजू वाचली आणि तिच्या लक्षात आलं की संपादिकेचं म्हणणं अर्धं खरं आहे. काठ्या उंचच असायला हव्यात, पण आडव्या पानात त्या खरोखर बसत नव्हत्या. तिने जोडी उभी केली. म्हणजे त्या ठिकाणी मुलांनी पुस्तक फिरवून धरायचं. दोन पानांची सगळी लांबी काठ्यांना मिळते, आणि खाली गर्दीत टोपी मागे पडलेली एक छोटी मुलगी. पेन्सिलचं रेखाटन आणि चार ओळींचं पत्र तिने पाठवलं. ही कल्पना मला सुचली नसती आणि सुचायला नकोही होती. आपल्या लायकीचा खटला थांबला की डोकं चित्राला मोकळं होतं.

पेन्सिलचंच का पाठवलं, हेही तिच्या घरातून आलं. तिचे ताता, म्हणजे आजोबा, जॅकार्डच्या चादरींची नक्षी चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून उतरवायचे. कागद मालकाने पास केल्याशिवाय मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायची नाहीत. एकदा भोकं पडली की नक्षी बदलायची म्हणजे ते पुठ्ठे नव्याने करायचे. ती मात्र प्रत्येक चित्र रंगवून, सजवून पाठवायची, "नाही" ऐकायला लागू नये म्हणून. आता करारातच लिहून घेते: पेन्सिलवर मंजुरी, त्यानंतर दोन दुरुस्त्या, पुढे वेगळे पैसे, अर्धी रक्कम आधी. आणि चित्राचे हक्क किती काळासाठी, तेही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी करार लागतो आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, हे तिने स्वतः शोधून मला सांगितलं. पहिल्यांदा पैशांचं वाक्य बोलताना आवाज कापला होता म्हणे. कापू दे. मी तिला ते माझ्यासमोर सहा वेळा बोलायला लावलं होतं.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं एवढ्यावर भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कशातही रस उरला नसेल, जगणं नको वाटत असेल तर वाक्यातला कर्ता बदलत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं.

संपादिकेने उभी जोडी मंजूर केली आणि त्याच पत्रात मुखपृष्ठ परत पाठवलं. हे सांगायला तिचा फोन आला तेव्हा मी जरा सावधपणे विचारलं, "मग?"

"मुखपृष्ठ छाट झालं," ती म्हणाली. "उद्या बघते. आज आईचं ऐकतेय."

आईने पहिल्यांदाच टेबलाजवळ येऊन छापायला जाणारं चित्र पाहिलं होतं. बराच वेळ पाहिलं, मग काठी धरलेल्या मानकऱ्यावर बोट ठेवून तेलुगूत म्हणाली, याच्या मुठीत जोर नाही, एवढी काठी असा माणूस कशी पेलेल? लेकीने तिला आपली मूठ आवळून धरायला सांगितली होती, आणि फोन ठेवायची घाई त्यासाठीच होती. आईला हात पुन्हा सुपाकडे न्यायचा होता.