मुठीआडचा गंज

प्रश्न : वडिलांचं सलून होतं. त्यांच्या धोपटीत एक जुना वस्तरा सापडला. पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगेन, जर्मनी’ असा ठसा, पात्यावर सोनेरी नक्षी आणि मूठ मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी. गंज काढून तेल लावून ठेवतो, तरी पुन्हा धरतो, तोही नेमका मुठीआड झाकल्या जाणाऱ्या भागावर. ओळखीचे एक कारागीर बफिंग मशीनवर आरशासारखा करून देतो म्हणतात. देऊ का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मुळीच देऊ नका. पोकळ घासणीचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं पातं धारेपाशी कागदाइतकं पातळ असतं. चाकावर ते क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. निळसर झाक दिसली म्हणजे पातं ३०० अंशांच्या घरात पोचलं. मग धार लावून उपयोग नाही, टिकणारच नाही.

शिवाय तुमचा गंज पात्याचा नाहीच, मुठीचा आहे. मूठ कोरड्या फडक्याने जोरात चोळा आणि हुंगा. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉईडची, म्हणजे कापूर घालून केलेल्या जुन्या प्लॅस्टिकची. हे जुनं झालं की कुजतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साईड वायू सुटतात आणि दमट हवेत त्यांचं आम्ल होतं. सांगली-मिरजेच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. तेल कितीही चोपडा, पातं त्या मुठीत मिटलं की गंज धरणारच. तेव्हा आधी मूठ बदला. खिळ्याचं डोकं बारीक कानशीने घासून खिळा ठोकून काढा. पातळ पितळी सळईचा नवा खिळा होतो. मूठ शिसवीची करा किंवा शिंगाची.

मग पातं. लाल गंज जाऊ द्या, काळपट डाग राहू द्या. ते वयाचे आहेत, अपाय करत नाहीत. पातं फळीवर सपाट टेकवा. तेलात भिजवलेला ६०० नंबरचा वॉटर पेपर, मग १०००, मग २०००. हात पाठीकडून धारेकडे जाऊ द्या. उलटा आणलात तर कागदही कापेल आणि बोटही. गंजाने धारेवरच खड्डे पाडले असतील तर मात्र वस्तरा शोभेलाच ठेवा.

ठशावर कागद फिरवू नका. ठसा पुसला की वस्तऱ्याची जातकुळीच गेली. देशाचं नाव छापणं अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१पासून रूढ झालं, म्हणजे तुमचा वस्तरा बहुधा त्यानंतरचा. सोनेरी नक्षीला पितळेचं पॉलिश तर दाखवूसुद्धा नका. तो नुसता मुलामा आहे, दोन हात मारले की फडक्यावर येईल. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं आणि लगेच कोरडं करणं, एवढं तिथे पुरे.

जुनी मूठ वडिलांची आठवण म्हणून ठेवायची असेल तर उघड्या बशीत, हवेशीर जागी, दुसऱ्या वस्तऱ्यांपासून दूर ठेवा. देव्हाऱ्यात मात्र नको. निरांजनाची ज्योत लागली तर सेल्युलॉईड भसकन पेटतं.