भारतीय लोक खरंच बहुतेक शाकाहारी असतात का?

छे हो, गैरसमज आहे हा. 2014 च्या सरकारी एसआरएस (सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टिम, म्हणजे जन्म-मृत्यूची नमुना नोंदणी) सर्व्हेत 15 वर्षांवरचे साधारण 70 टक्के लोक मांसाहारी निघाले होते, फक्त रोज खात नाहीत एवढंच. आमच्या ठाण्यातल्या घरचंच बघा ना, सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर मधेच चतुर्थी नाहीतर एकादशी टपकते, म्हणजे अर्धा आठवडा आम्ही पक्के शाकाहारी आणि रविवारी बोंबील फ्राय 😄 श्रावणात तर महिनाभर बंद, म्हणून गटारीला मटणवाल्याकडे सकाळी सातलाच लाइन.

पण शाकाहारी दिवस म्हणजे शिक्षा वगैरे नाही हां. वालाचं बिरडं असतं ना, वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग सगळ्यांनी बसून एकेक सोलायचा, नखं दुखतात पण ओलं खोबरं आणि आमसूल पडलं की मटण कोण विचारतंय! आईचा मासे तळायचा तवा वेगळा, ओट्याखाली पेपरात गुंडाळलेला, त्याला चुकूनही पोळी लागत नाही.

अंड्याचं मात्र ज्याचं त्याचं. पाकिटावरच्या खुणेच्या हिशोबाने अंडं मांसाहारी, पण आमच्या मजल्यावरचे काका घरी हिरवा ठिपका बघूनच केक आणतात आणि स्टेशनबाहेर भुर्जीपाव हाणतात.