'मधले शब्द खाते'

"मुलगी १३ वर्षांची, आठवीत. दिवाळीपासून रोज संध्याकाळी तिचं पोट दुखतं. सोनोग्राफी, रक्त-लघवी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, टेन्शन आहे. या वयात कसलं टेन्शन? मिस्टरांचं आणि माझं जमिनीवरून बिनसलंय, पण तिच्यासमोर आम्ही कधी भांडत नाही. बोलतच नाही. हल्ली ती निरोपही धड सांगत नाही, मधले शब्द खाते. मोबाईल काढून घेऊ का?" – एक आई, मिरज

ताई,

'मधले शब्द खाते' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथंच अडकले.

तुम्ही ओट्यापाशी उभं राहून म्हणत असणार, "सांग त्यांना, गिळायचं असेल तर वाढलंय." ती बाहेर जाऊन म्हणते, "बाबा, आई जेवायला बोलावतेय." तिकडून येतं, "म्हणावं, उपकार नकोत." ती आत येऊन सांगते, "येतायत दहा मिनिटांत." स्वयंपाकघर ते बाहेरची खोली, तेवढ्या चार पावलांत पोर रोज तुमचा संसार सांधते, आणि तुम्ही त्याची तक्रार करताय!

खाल्लेले शब्द जाणार कुठे? पोटातच ना?

सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणून ते सोंग ठरत नाही. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात. ताण वाढला की आतड्यांची हालचाल बिघडते, एरवी न जाणवणारी कळही जाणवायला लागते. तिला खरंच दुखतंय. मिस्टर घरी कितीला येतात ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे.

आणि 'तिच्यासमोर भांडत नाही' हे मला कौतुकानं सांगू नका. भांडण निदान कधीतरी संपतं. अबोल्याच्या घरात पोरं गेटच्या आवाजावरून, ताट आपटण्यावरून आजची रात्र कशी जाणार ते ताडत बसतात. त्यात अभ्यास कुठून व्हायचा?

जमिनीच्या बाबतीत तुम्हीच बरोबर असाल. मला त्यात पडायचं नाही.

आज रात्री स्वतः बाहेरच्या खोलीत जा आणि तिला ऐकू येईल असं म्हणा, "वाढलंय, जेवायला चला." माफी नको, समेट नको, एवढंच. ते सवयीनं तिच्याकडे बघून उत्तर देतील. तेव्हा तिला म्हणा, "तू जेव गं, आमचं आम्ही बोलतो." उद्या परत. मिस्टर पहिले आठ दिवस नुसते हुं म्हणतील, म्हणू देत.

तुम्हाला हे जड जाणार, मला ठाऊक आहे. मनावरच्या ताणाबद्दल बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मुलीला तिथं बोलायला लावण्याआधी तो नंबर तुम्ही लावा. डॉक्टरांकडेही पुन्हा जा, आणि या वेळी निरोपांचं सगळं सांगा. तिचं जेवण तुटलं, झोप उडाली किंवा जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर मात्र त्याच दिवशी गाठा.

मोबाईल राहू द्या तिच्याकडे. मैत्रिणींचे निरोप तरी तिला जसेच्या तसे वाचता येतात.