द्रावण स्वच्छ, थर दुधाळ

प्रश्न : आम्ही एसआयएस (स्टायरीन-आयसोप्रीन-स्टायरीन) रबर आणि चिकटपणा आणणारं रेझिन टोल्युइन या द्रावकात विरघळवून टेपचा चिकट थर बनवतो. नेहमीचं सी-५ रेझिन (पाच कार्बनच्या रेणूंपासून बनलेलं) मिळेना म्हणून सी-९ (नऊ कार्बनच्या) घेतलं. सॉफ्टनिंग पॉइंट तोच, १०० अंश सेल्सिअस, प्रमाणही तेच. द्रावण काचेसारखं स्वच्छ होतं. पण वाळल्यावर थर दुधाळ होतो आणि टेप जेमतेम चिकटते. रेझिन वाढवू का?

उत्तर : नका वाढवू, आणखी बिघडेल. टोल्युइन दोघांनाही विरघळवतं, म्हणून डब्यात सगळं एकजीव दिसतं. ते उडून गेलं की रबर आणि रेझिन समोरासमोर येतात, आणि दोघांचं पटतं की नाही ते तेव्हा कळतं. तुमचा दुधाळपणा म्हणजे वेगळ्या झालेल्या रेझिनचे कण.

सॉफ्टनिंग पॉइंट एवढंच सांगतो की रेझिन किती तापल्यावर मऊ पडतं. ते कोणात मिसळेल हे त्यावरून कळत नाही. एसआयएसच्या साखळीत दोन्ही टोकांना स्टायरीन असतं आणि मध्ये आयसोप्रीन. चिकटपणा येतो मधल्या भागातून, कारण रेझिन तिथे मिसळलं की थर मऊ होतो, पृष्ठभागावर नीट पसरतो आणि झटक्याने ओढल्यावर मात्र ताठ राहतो. सी-५ त्या भागात सहज मुरतं. ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखी वलयं असलेल्या, सी-९ला आयसोप्रीन मानवत नाही. त्याचे छोटे रेणू स्टायरीनकडे वळतात, मोठे वेगळे पडतात आणि रबरात खडूच्या भुकटीसारखे बसून थर कडक करतात. नेहमीच्या तापमानाला थराचं मॉड्युलस (ताठपणाचं माप) साधारण ३ लाख पास्कलच्या वर गेलं की हलक्या दाबाने तो चिकटतच नाही. चिकटद्रव्यांचे संशोधक डालक्विस्ट यांचा हा निकष मी आजही प्रत्येक नव्या मिश्रणाला लावतो.

म्हणून रेझिन ‘चांगलं’ की ‘वाईट’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कोणत्या रबरासाठी? क्लास आणि चू या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की कमी रेणुभाराचं पॉलिस्टायरीन एसबीआरमध्ये (स्टायरीन-ब्युटाडाईन रबरात) मिसळतं, नैसर्गिक रबरात नाही. त्याच्याच हायड्रोजन जोडलेल्या रूपाचं नेमकं उलट. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तिथे रेझिनची साखळी जवळपास तीच आहे.

आता एक सावधगिरी, जी मी नुकसान सोसून शिकलो. एका मिश्रणाचा थर पहिल्या दिवशी पारदर्शक होता, टॅकही (हलक्या स्पर्शाने चिकटणं) उत्तम. नमुना ग्राहकाकडे गेला आणि तीन आठवड्यांत टॅक उतरला. रेझिन सावकाश वेगळं होत होतं. तेव्हापासून मी काचपट्टीवर दोन थर वाळवतो : एक खोलीत ठेवतो, दुसरा ओव्हनमध्ये ७० अंशांवर आठवडाभर. मग टॅक, पील (सोलून काढायला लागणारं बळ) आणि वजन टांगून शिअर (सरकण्याला होणारा विरोध), तिन्ही पुन्हा मोजतो. फक्त डोळ्यांवर विसंबू नका. रबर आणि रेझिनचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा असेल तर वेगळे झालेले कणही दिसत नाहीत.

सी-५ मिळेपर्यंत हायड्रोजनेटेड हायड्रोकार्बन रेझिन किंवा पॉलिटर्पीन आणून हीच चाचणी घ्या. तेलाबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. थर मऊ करायला घालत असाल तर नॅफ्थेनिक, म्हणजे ॲरोमॅटिक भाग कमी असलेलं, घाला. ॲरोमॅटिक तेल साखळ्या धरून ठेवणाऱ्या स्टायरीनच्या गाठींत शिरून त्या मऊ करतं. मग टेप चिकटेल खरी, पण वजन लावलं की हळूहळू सरकत खाली येईल.