मस्तक, मालक आणि शनिवारचं लग्न

बेटा,

जय ख्रिस्त. तुझा मेसेज परवाच वाचला, पण सोयाबीनची मळणी चालू आहे आणि थ्रेशर दारातच उभं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

शनिवारच्या लग्नात तू पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय घेणार, त्यात नवऱ्याला ‘मस्तक’ म्हटलंय त्या ‘केफाले’ या ग्रीक शब्दाचा खरा अर्थ ‘उगम’ आहे असं सांगणार आणि मस्तक म्हणजे अधिकारीच म्हणणाऱ्या मंडळीतल्या त्या पंचकाकांचं तोंड कायमचं बंद करणार, असा बेत दिसतो. करू नकोस. मी बाई असून हे सांगते, याची नोंद घे. ‘उगम’ हा अर्थ वादाच्या पलीकडे गेलेला असता, तर तुझ्या जन्माआधीच मी तो गावोगाव सांगत फिरले असते.

आधी भांडण नीट समजून घे, कारण मोबाइलवर तू वाचलंस ते एकाच बाजूचं आहे. केफाले म्हणजे डोकं, खांद्यावरचं. यात कुणाचंच दुमत नाही. दुमत सुरू होतं ते ‘पती पत्नीचे मस्तक’ या ओळीपाशी. शतकानुशतकं लोकांनी तिथं ‘अधिकारी’ असंच वाचलं. १९५४ मध्ये स्टीफन बेडेल या अभ्यासकानं एका लेखात, पौलाच्या मनात ‘आरंभ, उगम’ हा अर्थ असावा असं मांडलं. पुढे अमेरिकेत बर्कली आणि अल्वेरा मिकलसन या जोडप्यानं ते उचलून धरलं. मग १९८५ मध्ये वेन ग्रुडेम या दुसऱ्या बाजूच्या अभ्यासकानं ग्रीक वाङ्मयातून या शब्दाची २,३३६ उदाहरणं जमवली आणि सांगितलं की ‘उगम’ त्यांत कुठंच पक्का सापडत नाही, ‘अधिकारी’ मात्र ४९ ठिकाणी सापडतो.

या आकड्याला घाबरू नकोस आणि भाळूही नकोस. २,३३६ मधली बहुतेक डोकी खरीखुरी, मानेवरची. ४९ मधली बरीच उदाहरणं बायबलमधली किंवा त्याच्या वाऱ्यात वाढलेल्या लिखाणातली, आणि त्यांतल्या कित्येकांना रिचर्ड सर्व्हिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी आव्हान दिलं. पण आपल्या बाजूचा पुरावाही काही दगडी भिंत नाही. लिडेल-स्कॉटच्या मोठ्या ग्रीक शब्दकोशात ‘उगम’ आहे हे खरं. जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस यानं तेअरस नदीच्या झऱ्यांना हा शब्द लावला, अनेकवचनात. त्याच नोंदीत पुढं लिहिलंय की एकवचनात हाच शब्द नदीच्या मुखासाठीही आला आहे! म्हणजे नदीचं टोक, हे नाहीतर ते. आपल्या वर्धेचं डोकं मुलताईला की प्राणहितेच्या संगमाला, असं कुणी विचारावं तसं झालं. दुसरा पुरावा ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याच्यावरच्या एका जुन्या ओळीचा: झ्यूस डोकं, झ्यूस मध्य, झ्यूसपासूनच सारं. तिच्याही काही हस्तलिखितांत डोक्याच्या जागी ‘आर्खे’ म्हणजे आरंभ असा सरळ दुसराच शब्द आहे.

मला यात सगळ्यात बोलकं वाटतं ते जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर. हिब्रूत ‘रोश’ म्हणजे डोकं आणि म्होरक्याही. जिथं म्होरक्या हा अर्थ आहे तिथं ते भाषांतरकार बहुतेक वेळा केफाले टाळतात आणि ‘आर्खोन’ किंवा तसला दुसरा शब्द घेतात. ग्रीक कानाला डोकं म्हटलं की साहेब आठवत नसावा. पण शास्तेच्या अकराव्या अध्यायात गिलादचे लोक इफ्ताहला आपला पुढारी करतात, तिथं केफालेच आहे. तेव्हा ‘अधिकार हा अर्थ ग्रीकमध्ये नव्हताच’ असं तू मंडपात म्हणालास आणि कुणी शास्ते उघडलं, तर तुझी पंचाईत होईल. अँथनी थिसल्टन यांच्यासारखे काही जण मधली वाट धरतात: डोकं म्हणजे शरीरात सगळ्यात आधी नजरेला पडणारं, पुढचं, ठळक. मला ती वाट जास्त पटते. पण माझ्या पटण्यावर कुणाचं लग्न लावू नकोस.

आता मंडपातल्या माणसांचा विचार कर. त्यांच्या कानात केफाले कधीच गेलेला नाही, त्यांच्या कानात ‘मस्तक’ आहे. आपल्याकडच्या बाया नवऱ्याला काय म्हणतात? ‘आमचे मालक.’ मस्तक आणि मालक, ऐकायलाही शेजारी-शेजारी. एक बाई मला घरसभेनंतर चुलीपाशी विचारत होती. दिवसभर कापूस वेचून आली होती, कमरेची ओटी अजून सोडली नव्हती, नखांच्या कडेला वाळलेल्या बोंडांचे ओरखडे. म्हणाली, “बाई, त्या वचनात कापसाच्या पट्टीचे पैसे कोणाच्या हातात राहावे हे लिवलं हाय का?” मी म्हटलं, नाही लिहिलेलं. म्हणाली, “मग आमच्या घरी ते कोणतं वचन वाचतात?” तिच्यापुढं तू उगम आणि अधिकार यांचा काथ्याकूट करशील, तर ती मान डोलावेल आणि घरी जाऊन पैसे पुन्हा मालकाच्याच हाती देईल.

म्हणून ग्रीक शिकलास ते वाया गेलं असं नाही. यवतमाळची सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी तिथं मीही हेच शिकले आणि रोज वापरते. पण मंडपात शब्द नको, उतारा उघड. तो तुझ्या बाजूनं जितका बोलतो तितकं कोणताच शब्दकोश बोलणार नाही.

सुरुवात बाविसाव्या ओवीपासून करू नकोस, एकविसाव्यापासून कर. ‘एकमेकांच्या अधीन असा’ हे तिथं आहे. छापील पुस्तकांत पुष्कळदा याच दोन ओव्यांच्या मध्ये ठळक मथळा घालतात, आणि पंचकाकांचं वाचन मथळ्याखालून सुरू होतं. पपायरस ४६ आणि व्हॅटिकनस या फार जुन्या हस्तलिखितांत तर बाविसाव्या ओवीला स्वतःचं क्रियापदच नाही, ते वरच्या ओवीतून उसनं घ्यावं लागतं. वरचं तोडलं तर खालचं वाक्य उभंच राहत नाही. हे मात्र सांग, याला ग्रीक यावं लागत नाही.

मग ओव्या मोजायला लाव. बायकांसाठी तीन, बाविसावी ते चोविसावी. त्यानंतर पंचविसाव्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत सगळं बोलणं नवऱ्याशी. पुढच्या अध्यायात पौल मुलांना आणि दासांना ‘आज्ञा पाळा’ म्हणतो, ते क्रियापद वेगळं आहे. इफिसकरांच्या पत्रात बायकांसाठी ते वापरलेलं नाही. (पेत्रानं आपल्या पत्रात अब्राहामाची बायको सारा हिच्याबद्दल वापरलंय. काका ते काढतील, तयारीत राहा, लपवू नकोस.)

आणि एकोणतिसावी ओवी. माझ्या मते लग्नाचा सगळा उपदेश या एका ओवीवर व्हावा. कुणी आपल्या देहाचा द्वेष करत नाही, तो त्याला पोसतो आणि जपतो. ‘जपतो’ या जागी ग्रीकमध्ये ‘थाल्पो’ आहे, ऊब देणं. नव्या करारात तो आणखी एकदाच येतो, थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात, लेकरांना कुशीत घेणाऱ्या दाईसाठी. जुन्या कराराच्या त्या ग्रीक भाषांतरात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, घरट्यात पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीसाठी हाच शब्द आहे. खुडूक कोंबडी आपल्या मंडळीत कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. मिशीला पीळ देणाऱ्या नवरदेवाला पौल दाईचं आणि पक्षिणीचं काम देतो, हे ऐकून मांडवात थोडी खसखस पिकेल. पिकू दे.

‘मस्तक’ आलंच तर त्याच पत्रात पौल तो शब्द आणखी कुठं वापरतो ते दाखव. पहिल्या अध्यायात ख्रिस्त सर्वांवर मस्तक आहे आणि सगळं त्याच्या पायांखाली आहे. तिथं अधिकार आहे, नाकारू नकोस. चौथ्या अध्यायात मात्र मस्तकापासून सगळं शरीर जोडलं जातं आणि वाढतं. पाचव्या अध्यायात नवऱ्याला मस्तक म्हटल्यावर पौल यातलं काय उचलतो? पायांखाली घालणं कुठंच नाही. स्वतःला देऊन टाकणं, धुणं, पोसणं, ऊब देणं आहे. समज, काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं धरलं, केफाले म्हणजे अधिकारीच. तरीही त्या अधिकाऱ्याच्या हातात पौलानं काम दिलंय ते हेच. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. शब्दावर ते जिंकले तरी उताऱ्यावर हरतात, मग तू त्यांच्याशी शब्दावर कशाला झोंबतोस?

काकांना एकट्यात भेट. त्यांचा हात चांगला आहे, दुष्काळात त्यांनीच पाळकाचं घर चालवलं होतं हे विसरू नकोस. चहा पिता पिता हसत एवढंच विचार की काका, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं अठरा वर्षांवरची घरातली सगळ्यात वडील स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते. काकूंचंच नाव असेल. सातबाऱ्यावर कुणाचं आहे, ते विचारू नकोस, तो पुढच्या वर्षीचा विषय.

पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय लग्नात आणू नकोस. तिथं मस्तक, डोकं, पदर, केस सगळं एकात एक गुंतलेलं आहे आणि लोकांना फक्त पदर आठवतो. कुणी विचारलंच तर पाचवी ओवी दाखव, बाया सभेत प्रार्थना करत होत्या आणि संदेश देत होत्या, पौलाला ते ठाऊक होतं. अकरावी-बारावीही दाखव, पुरुषाशिवाय स्त्री नाही, स्त्रीशिवाय पुरुष नाही. चौथ्या शतकातला धर्मोपदेशक ख्रिसोस्तोम याच अध्यायावर बोलताना म्हणतो की पौलाला हुकमत आणि ताबेदारी सांगायची असती तर त्यानं पत्नीचा दाखला न देता दास आणि धन्याचा दिला असता. ख्रिसोस्तोम काही स्त्रियांचा कैवारी नव्हे, दुसरीकडं तो नवऱ्याचा अधिकार ठासून सांगतो. म्हणून तर त्याची ही ओळ मला महत्त्वाची वाटते.

तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, बाईनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये या ओळीत जो ‘औथेन्तेइन’ शब्द आहे, त्याचं विचारलंस. तो शब्द नव्या करारात एकदाच येतो, त्यावर एका संध्याकाळी बसू. ‘बाईनं शास्त्र शिकवावं का’ असं कुणी म्हणालं तर पंडिता रमाबाईंचं नाव घे. उतारवयात त्या बाईनं हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायांनीच त्याचे खिळे जुळवले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये पुस्तक पुरं छापून निघालं. वाद घालायचा असेल त्यानं आधी तेवढं काम करून दाखवावं. हे मी रागानं लिहितेय, तू असं बोलू नकोस.

एक गोष्ट मात्र हसत सांगायची नाही. तू लिहिलंस की खालच्या आळीतला एक जण दारू पिऊन बायकोला मारतो आणि हेच वचन तोंडावर फेकतो. तिथं केफालेचा काही संबंध नाही. त्या घरी एकटा जाऊ नकोस, पोलीस पाटलांना आणि महिला संघाच्या दोघींना घेऊन जा. तिला सांग की २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तिच्यासाठी आहे, तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार देता येते, आणि मंडळी तिच्या बरोबर जाईल. ‘सहन कर, प्रार्थना कर’ हे वाक्य तुझ्या तोंडून मला ऐकू यायला नको. तो प्रभुभोजनाला पुढं आला तर काय करायचं, ते पंचांसमोर ठरव, आणि लवकर ठरव.

राहिला लग्नात नवरा-नवरीनं द्यायच्या वचनांचा प्रश्न. १६६२ च्या इंग्रज प्रार्थनापुस्तकात आज्ञा पाळण्याचं वचन फक्त नवरीला होतं, नवरदेवाला नव्हतं. तिथून ते कितीतरी विधींत उतरलं. तुझ्याकडच्या वहीत काय आहे ते आधी बघ. दोघांना एकच वचन द्यायचं असेल तर पंचांना आजच सांग, ऐन मांडवात नको. नवरी बारावी झालेली आहे म्हणालास ना? मग वचनांचा कागद गुरुवारीच तिच्या हातात दे. तिनं सावकाश वाचावा, खटकेल तिथं खूण करावी, आणि ती खूण तू तिच्या बापाला दाखवायच्या आधी तिच्याशीच बोल. काही अडलं तर फोन कर. दुपारी दोन ते चार लागणार नाही, आमच्याकडं तेव्हा लाइन नसते आणि लाइन गेली की टॉवरही जातो.

तुझी बाई