वाचक विचारतात: राजापूरचा जुना पूल बघायला एक दिवस पुरेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही लांज्याचे. दिवाळीच्या सुट्टीत नणंद आणि तिची मुलं येणारेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे गड-किल्ले नकोत. राजापूरचा अर्जुना नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल आणि नदीकाठ असं करून संध्याकाळी परत यायचंय. पण घरात सगळे म्हणतायत की गंगा (तिथल्या तीर्थाच्या कुंडांत मधूनच येणारं पाणी) आली असेल तरच राजापूरला जा, नाहीतर तिथे आहे काय. खरंच काही नाही का हो?

उत्तर: अहो भरपूर आहे, फक्त हायवेवरून गाडीच्या काचेतून बघितलं तर काहीच दिसत नाही! बहुतेक लोक तेच करतात, पूल ओलांडतात आणि सरळ गोव्याला. तुम्ही तसं करू नका, गाडी बाजारात कुठेतरी नीट लावा आणि नदीच्या बाजूला खाली जा. पूल बघायचा तो खालून. पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्यामुळे पाणी भरपूर आणि बऱ्यापैकी निवळलेलं, जुन्या पुलाचे खांब जवळून दिसतात, दगडांच्या सांध्यांतून रोपटी उगवलेली असतात आणि पुरात वाहून आलेला पालापाचोळा, दोरे, प्लॅस्टिक वर कुठेतरी अडकून राहिलेलं असतं, ते पोरांना दाखवा आणि सांगा की पाणी तिथपर्यंत चढलं होतं. दरवर्षी अर्जुना आणि कोदवली या नद्या फुगल्या की जवाहर चौकात पाणी शिरतं, दुकानदार माल वर उचलून ठेवतात, हे त्यांना तिथेच उभं राहून लगेच कळेल.

आणि मला मनापासून वाटतं की नदी समजून घेतल्याशिवाय राजापूर कळतच नाही. आज विश्वास बसणार नाही पण हे बंदर होतं. समुद्र इथून किती लांब, तरी जैतापूरच्या खाडीतून गलबतं पार आत गावापर्यंत यायची, माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून अणुस्कुरा घाटाने वर देशावर जायचा. म्हणून तर इंग्रजांनी इथे वखार घातली. 1660 साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना इथले इंग्रज त्याच्या मदतीला तोफा घेऊन गेले, हेन्री रेव्हिंग्टन त्यांचा प्रमुख, आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर येऊन वखार लुटली, इंग्रजांना कैद केलं. शाळेत आपण पन्हाळ्याचा वेढा शिकतो पण त्याचं पुढचं टोक इथे या काठावर आहे हे कोणी सांगतच नाही. मग हळूहळू गाळ भरत गेला, गलबतं यायची बंद झाली, आणि बंदर गेलं.

आता गंगेचं. उन्हाळे गावातल्या गंगातीर्थाला चौदा कुंडं आहेत, पाणी साधारण तीन वर्षांनी येतं आणि तीनेक महिने राहतं असं जुनी माणसं सांगतात, पण अलीकडे वेळापत्रक पार बदललंय, कधीही येते. नसली तरी बिघडत नाही. तिथेच खाली अर्जुनेच्या काठाला गरम पाण्याचा झरा आहे, तो बारमाही, गोमुखातून सारखं गरम पाणी पडत असतं. सासूबाईंना तिथे निवांत बसू द्या, पाय शेकले की त्याच म्हणतील अजून थोडा वेळ थांबू. पायऱ्या ओल्या असतात तेवढा हात धरा. त्वचेचा काही त्रास किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

दुपारी धूतपापेश्वर. गावाला लागूनच धोपेश्वरला, झाडी, मृडानी नदी आणि मंदिराशेजारीच धबधबा. दिवाळीत धार बारीक झालेली असते पण सावली इतकी गार की जेवणाचा डबा तिथेच जवळपास खावासा वाटतो (घावणे आणि चटणी न्या, सांडत नाही, आणि कचरा परत आणा प्लीज). एवढं सगळं एका दिवसात आरामात होतं.

प्रश्न: आम्हाला पूर बघायचाय, ऐन पावसात पुलावर उभं राहून फोटो काढले तर चालतील का?

उत्तर: नाही. महाडचा सावित्रीवरचा पूल 1928 सालचा, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला आणि दोन एसट्या, एक गाडी घेऊन गेला. त्यात आपल्या राजापूरहून निघालेली बोरिवलीची एसटी पण होती. इथल्या लोकांना ते अजून काल झाल्यासारखं आठवतं. आणि खाली काठाला पण नको, गावात ऊन असतं आणि वर सह्याद्रीत कोसळत असतो, पाणी कधी वाढलं कळत नाही. पाऊस संपल्यावर पण पोहणारा असला तरी नदीच्या डोहात उतरू नका, कातळावर शेवाळ असतं आणि पाण्याचा ठाव लागत नाही.

प्रश्न: रत्नागिरीहून ट्रेनने येणं सोपं पडेल का?

उत्तर: एसटी घ्या. राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, उतरून परत रिक्षा शोधावी लागते. एसटी गावात सोडते, तिथून नदी चालत.