एगर्सला ओरडायला लावू नकोस

प्रिय मित्रा,

कोल्डिट्झवरची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या जर्मन युद्धकैदी छावणीवरची, तुझी एकांकिका दोनदा वाचली. कैदी मस्त उतरलेत. जर्मन अधिकारी मात्र पहिल्या एन्ट्रीपासून नुसता खेकसत सुटतो, आणि तिथंच नाटक पडतं.

तुझा हा अधिकारी, राइनहोल्ड एगर्स, मूळचा शाळामास्तर. नोव्हेंबर १९४० मध्ये तो सॅक्सनीतल्या त्या किल्ल्यावर आला, तो युद्ध संपेपर्यंत तिथंच होता. त्याचा वर्ग कसला, बघ: दुसऱ्या छावण्यांतून पळताना सापडलेले, म्हणजे या विषयाची एक परीक्षा आधीच देऊन आलेले अधिकारी. आणि हातातली छडी केवढी? १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार पलायनाच्या प्रयत्नाला फार तर ३० दिवसांची कोठडी. ती भोगून बाहेर आलेला गडी पुन्हा नव्या बेताला लागायचा.

त्यामुळे त्याचं खरं हत्यार म्हणजे हजेरी. डच कैद्यांनी त्यावरही तोड काढली: पळालेल्यांच्या जागी रांगेत चक्क पुतळे उभे केले. तुझा प्रवेश इथं आहे. तो मोजतो, आकडा जुळतो, तरी पाय निघत नाही. पुन्हा मोजतो. एकही संवाद नको.

जानेवारी १९४२ मध्ये ब्रिटिश अधिकारी एअरी नीव्ह आणि डच अधिकारी टोनी लुटाइन जर्मन गणवेश चढवून बाहेर पडले आणि स्वित्झर्लंडला पोहोचले. वाट कुठून काढली होती? किल्ल्यातल्या रंगमंचाखालून! (आणि हे तुझ्या संहितेत नाही. कमाल आहे.)

जप्त केलेली बनावट कागदपत्रं, हत्यारं, सोंगं यांचं एगर्सनं किल्ल्यातच संग्रहालय केलं होतं. मला त्यात पोरांची पकडलेली चिठ्ठी न फाडता कपाटात जपणारा मास्तर दिसतो.

पण म्हणून त्याला गोड करून ठेवू नकोस. पहारेकऱ्यांच्या बंदुका खऱ्या होत्या. मायकेल सिंक्लेअर हा ब्रिटिश कैदी सप्टेंबर १९४४ मध्ये पळताना गोळी लागून गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये स्टालाग लुफ्ट ३ या दुसऱ्या जर्मन छावणीतून ७६ जण निसटले होते. पकडलेल्यांपैकी ५० जणांना गेस्टापोनं, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, ठार मारलं. तुझ्या तिसऱ्या प्रवेशातले विनोद या बातमीनंतर चालणार नाहीत. ते आधी घे.

आणि शेवटी ग्लायडर उडवलायस, तो उतरव. माळ्यावर खोट्या भिंतीआड तो बांधला हे खरं, पण उडाला कधीच नाही. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आलं तोवर जर्मनांना त्याचा पत्ता नव्हता. वर पंख राहू देत. खाली एगर्स हजेरी घेतोय. आकडा जुळतो.

तुझा,
काका